भार कमी होतो की फक्त जागा बदलतो?

पाठीवरच्या पिट्टूचे वजन काट्यावर करता येते. दहा किलो भरले की काटा दहाच किलो दाखवतो. मनावर येणाऱ्या भाराचा काटा मात्र कुठल्याच स्टोअरमध्ये मिळत नाही. तरीही तो भार खरा असतो. पटत नसेल तर एक साधा प्रयोग करा. मित्राबरोबर मैदानाला चक्कर मारताना त्याला अचानक विचारा, "सत्तेचाळीस गुणिले तेवीस किती?" बहुतेक वेळा त्याची चाल मंदावेल, कदाचित तो थांबेलसुद्धा. पायांचा गुणाकाराशी काही संबंध नाही. पण लक्ष एकच आहे आणि ते दोन कामांत वाटावे लागले. एखादे काम करताना आपले लक्ष, आठवण आणि निर्णय यांच्यावर जी ओढ पडते, तिला मानसिक भार म्हणतात.

डंपर चालक, रेल्वेचा लोको पायलट, वैमानिक, रडारसमोर बसलेला सैनिक या सगळ्यांना आज मदतनीस यंत्रे दिलेली असतात. कुठे कॅमेरा असतो, कुठे भोंगा, कुठे आपोआप लागणारा ब्रेक. यंत्र आले म्हणजे माणसाचे काम हलके झाले, असे आपण धरून चालतो. या लेखात मी तेवढाच प्रश्न तपासणार आहे : मदतनीस यंत्रामुळे मनावरचा भार खरोखर कमी होतो का?

नंदिनीची खाण

माझे घर छत्तीसगडमध्ये दुर्ग जिल्ह्यातल्या नंदिनी नगरला आहे. भिलाई पोलाद कारखान्याची चुनखडीची खाण इथे आहे. कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. भट्टीत लोहखनिजाबरोबर चुनखडी टाकावी लागते. खनिजातली वाळूसारखी अशुद्धी चुनखडीशी मिळून मळी बनते आणि लोखंडापासून वेगळी होते. त्यामुळे भिलाईला जशी राजहराची लोहखनिजाची खाण लागते, तशी नंदिनीची चुनखडीही लागते. माझे आजोबा भंडाऱ्याहून इकडे आले. बाबा डंपर चालवतात.

उघड्या खाणीत जमीन पायऱ्यापायऱ्यांनी खोदलेली असते. या पायऱ्यांना बेंच म्हणतात. भोके पाडून सुरुंग लावतात, फुटलेला दगड शॉव्हेल डंपरमध्ये भरते आणि डंपर तो क्रशरवर नेऊन ओततो. ऐकायला काम सरळ आहे. पण डंपर मागे घेतानाचे एक मिनिट डोळ्यांसमोर आणा. चालक जमिनीपासून बराच उंच बसलेला असतो. गाडीच्या अगदी मागे आणि अगदी पुढे उभा असलेला माणूस त्याला दिसत नाही. एका बाजूला बेंचची कड असते. शॉव्हेलवाला हॉर्नने खूण देतो ती ऐकायची, जमीन भुसभुशीत आहे का ते पाहायचे, धुळीतून अंतर ओळखायचे. आणि हे सगळे एकाच वेळी करायचे.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बाबांना विचारले, "मागचा कॅमेरा आल्यावर काम सोपं झालं का?" ते म्हणाले, "मान वाचली. पण आधी मी दोन आरसे पाहत होतो, आता दोन आरसे अन् एक स्क्रीन पाहून राहिलो. डोळ्याले एक काम वाढलं." मग रिव्हर्सचा भोंगा? त्यावर ते हसले. "तो माझ्यासाठी नाही वाजत बेटा. मागं जो उभा हाय त्याच्यासाठी वाजते. ऐकून बाजूले व्हायचं काम त्याचं."

या दोन वाक्यांत मला माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. कॅमेऱ्याने मानेवरचा भार काढला, पण लक्ष वाटायला आणखी एक जागा दिली. भोंग्याने चालकाच्या भारातला एक भाग मागे उभ्या असलेल्या माणसाकडे सरकवला. दोन्ही यंत्रे उपयोगी आहेत, दोन्हींमुळे जीव वाचतात. पण दोन्हींत भाराने फक्त जागा बदलली. म्हणून कुठलेही मदतनीस यंत्र पाहिले की पहिला प्रश्न हा विचारावा : हा भार गेला कुठे?

न दिसणारा भार मोजायचा कसा?

अमेरिकेच्या नासा संस्थेत सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड या संशोधकांनी १९८८ मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात यंत्र नाही, फक्त सहा प्रश्न आहेत. काम संपल्यावर माणसाने स्वतःच प्रत्येक प्रश्नाला गुण द्यायचे. ते प्रश्न साध्या मराठीत असे :

१. डोके किती चालवावे लागले?
२. अंगमेहनत किती झाली?
३. वेळेची घाई किती होती?
४. काम आपल्या मते किती चांगले जमले?
५. तेवढे जमवण्यासाठी किती जोर लावावा लागला?
६. चिडचिड, वैताग किंवा काळजी किती वाटली?

वैमानिकांपासून डॉक्टरांपर्यंत अनेकांच्या कामासाठी ही पट्टी आजही वापरतात. यातली खुबी अशी, की 'काम कठीण होते' एवढ्यावर थांबता येत नाही. ते का कठीण होते, हेही सांगावे लागते.

मी हेच सहा प्रश्न बाबांना विचारले. पावसाळ्यात चिखलातून भरलेली गाडी वर आणणे सगळ्यांत जड असेल, असा माझा अंदाज होता. घाई आणि मेहनत या प्रश्नांना त्यांनी चिखलालाच वरचे स्थान दिले. पण काळजीच्या प्रश्नाला त्यांचे उत्तर वेगळे होते. रात्रपाळीचे पहाटेचे तास. "रस्ता रिकामा, गाडी चांगली, सगळं ठीक. तेव्हाच भेव वाटते," असे ते म्हणाले.

काहीच न घडण्याचा भार

बाबांना जे अनुभवातून कळले, ते शास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास प्रयोगाने दाखवले. समुद्रावर पाणबुड्या शोधणाऱ्या ब्रिटिश विमानांतले रडार ऑपरेटर तासन्‌तास पडद्याकडे पाहत बसत आणि काही वेळाने समोर आलेली खूणही त्यांच्या नजरेतून सुटे. नॉर्मन मॅकवर्थ यांनी यासाठी एक विशेष घड्याळ बनवले. त्याचा काटा ठरावीक उड्या मारत फिरे आणि अधूनमधून एकदम दुप्पट उडी घेई. ती दुप्पट उडी दिसली की बटण दाबायचे, एवढेच काम. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसे जास्त उड्या चुकवू लागतात. ही माणसे आळशी नव्हती. नुसते पाहत राहणे हेच माणसाच्या मनाला अवघड काम आहे.

यातून एक मोठी अडचण समोर येते. यंत्र जितके जास्त काम स्वतः करते, तितका माणूस 'करणारा' न राहता 'पाहणारा' होतो. लिझन बेनब्रिज या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा : यंत्राला सोपी कामे देता येतात, म्हणून आपण ती देतो. जे यंत्राला जमत नाही ते, म्हणजे सगळ्यांत अवघड काम, माणसाकडे उरते. आणि सोपे काम रोज हाताखालून न गेल्यामुळे अवघड वेळी लागणारा सरावही कमी होतो.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान रात्री अटलांटिक महासागरावर होते. वेग मोजणाऱ्या बाहेरच्या नळ्यांमध्ये बर्फाचे कण अडकले. वेगाचे आकडे विश्वासार्ह नाहीत हे ओळखून स्वयंचलित चालक बंद झाला आणि विमान अचानक वैमानिकांच्या हातात आले. तोपर्यंत भार जवळजवळ शून्य होता, एका क्षणात तो शिगेला पोहोचला. विमानाची उचलशक्ती हरपली आहे हे त्यांना वेळेत उमगले नाही. २२८ माणसे गेली. मदतनीस यंत्राने त्या रात्री काहीच लपवले नव्हते, त्याने फक्त काम परत केले. पण ते परत घ्यायला माणसाला वेळ लागतो.

रुळांवरची दोन यंत्रे

आमच्या भागातून हावडा–मुंबई हा मुख्य रेल्वेमार्ग जातो, म्हणून रेल्वेचे उदाहरण मला जवळचे वाटते. इंजिनात लोको पायलटसमोर सतर्कता तपासणारे एक यंत्र असते. त्याला व्हीसीडी म्हणतात. पायलटने साधारण एक मिनिट नॉच, ब्रेक, हॉर्न यांपैकी कशालाच हात लावला नाही, तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो. तरीही त्याने बटण दाबले नाही, तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. पायलट झोपी गेला किंवा बेशुद्ध पडला, तर शेकडो प्रवाशांसाठी हा शेवटचा आधार आहे. पण लक्षात घ्या, जागा असलेल्या पायलटचे काम या यंत्राने कमी झालेले नाही. त्याच्या यादीत एक काम वाढलेच आहे.

दुसरे यंत्र म्हणजे 'कवच'. आपल्या देशात तयार झालेली ही प्रणाली २०२० मध्ये राष्ट्रीय गाडी-संरक्षण प्रणाली म्हणून स्वीकारली गेली आणि ती टप्प्याटप्प्याने मार्गांवर बसवली जात आहे. पुढचा सिग्नल कोणता आहे हे ती इंजिनातल्या पडद्यावर दाखवते. पायलटने धोक्याच्या सिग्नलकडे जाताना वेग आवरला नाही, तर ती स्वतः ब्रेक लावते. हिवाळ्यातल्या दाट धुक्याची रात्र आठवा. सिग्नलचा खांब दिसेना, म्हणून पायलटचे सगळे लक्ष काचेबाहेर ताणलेले असते. नेमक्या त्याच वेळी सिग्नल आत, डोळ्यांसमोर आला तर भार खरोखर कमी होतो. नुसता सरकत नाही.

दोन्ही यंत्रे हवीत. पण त्यांतला फरक समजला पाहिजे. एक यंत्र माणसाची परीक्षा घेते, दुसरे त्याला हवी ती माहिती हव्या त्या क्षणी देते.

दोन मदतनीस, दोन सल्ले

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे अशी दोन विमाने एकमेकांवर आदळली. ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीपेक्षा खाली आले होते. त्या काळी दिल्लीच्या नियंत्रकाला पडद्यावर विमानाची उंची दिसत नव्हती. वैमानिक रेडिओवर सांगेल ती उंची खरी मानायची आणि डोक्यात धरून ठेवायची. या अपघातानंतर भारतात येणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले. हे यंत्र समोरच्या विमानातल्या तशाच यंत्राशी परस्पर बोलते आणि एका वैमानिकाला 'वर जा', दुसऱ्याला 'खाली जा' असे सांगते.

मग प्रश्न संपला का? १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगन गावावर दोन विमाने जवळ आली. दोघांतही हे यंत्र होते आणि चालू होते. खाली नियंत्रण कक्षात एकच नियंत्रक दोन जागांचे काम पाहत होता. दुरुस्तीच्या कामामुळे टकरीची आगाऊ सूचना देणारी त्याची प्रणाली पूर्ण चालू नव्हती, फोनच्या मुख्य लाइनही बंद होत्या. धोका त्याच्या उशिरा लक्षात आला आणि त्याने रशियन विमानाला खाली उतरायला सांगितले. पाठोपाठ त्याच विमानातले यंत्र म्हणाले, वर जा. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. दुसऱ्या विमानाने यंत्राचे ऐकले आणि तेही खाली आले. ७१ जण गेले. त्यांत चाळीसहून अधिक शाळकरी मुले होती.

या घटनेत भाराच्या दोन्ही बाजू दिसतात. नियंत्रकाकडून मदतनीस काढून घेतले, पण त्याचे काम तेवढेच ठेवले. वैमानिकांना मात्र दोन मदतनीस मिळाले, आणि कोणाचे ऐकायचे हा निर्णय काही सेकंदांत त्यांच्या माथी आला. पुढे जगभर नियम स्पष्ट केला गेला : टक्कर टाळणाऱ्या यंत्राने आदेश दिला, तर नियंत्रक वेगळे सांगत असला तरी यंत्राचे ऐकायचे. नवे यंत्र बसवावे लागले नाही. नियम आधीच पक्का ठरल्यामुळे तो निर्णय वैमानिकाच्या डोक्यावरून उतरला.

कागदाचा एक तुकडा

सगळे मदतनीस विजेवर चालत नाहीत. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचे एक नवे बॉम्बफेकी विमान चाचणीच्या वेळी उड्डाण घेताच कोसळले. विमानात बिघाड नव्हता. जमिनीवर उभे असताना शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेले कुलूप काढायचे राहून गेले होते. चालवणारे वैमानिक अनुभवी होते, पण नव्या विमानात आठवायच्या गोष्टीच फार होत्या. यावर उपाय म्हणून उड्डाणापूर्वी तपासायच्या गोष्टींची यादी छापली गेली. आज जगातला प्रत्येक वैमानिक ती चेकलिस्ट वापरतो. ती आठवणीचा भार घेते, लक्ष मोकळे सोडते आणि काम माणसाच्याच हातात ठेवते.

आपल्या फायरिंग रेंजवरचे उस्ताद आठवा. पकड, नेम, श्वास, सगळे ते आधी सांगतात, पुन्हा सांगतात. पण कॅडेटचे बोट ट्रिगरवर गेले की ते गप्प होतात. चांगल्या मदतनीसाला केव्हा बोलू नये हेही कळते. आमच्या वसाहतीत एका शेजाऱ्यांची गाडी अरुंद गल्लीतून मागे घेताना दोन्ही बाजूंच्या भिंतींसाठी सतत पिकपिक करते. आता ते तिच्याकडे लक्षच देत नाहीत. उद्या मागे खरोखर एखादे लहान मूल आले, तरी ती तशीच पिकपिक करेल.

चार प्रश्न

वरच्या सगळ्या उदाहरणांतून मी चार प्रश्न काढले आहेत. कुठलेही मदतनीस यंत्र हातात आले की ते विचारावेत.

१. सगळ्यांत अवघड मिनिटाला हे यंत्र मदत करते, की फक्त सोप्या वेळी?
२. माझा भार याने घेतला, तर तो आता कोणावर आहे?
३. हे गरज असेल तेव्हाच बोलते का? आणि दोन मदतनीस वेगवेगळे बोलले, तर कोणाचे ऐकायचे हे आधी ठरले आहे का?
४. हे बंद पडले तर मला काम येते का?

चौथा प्रश्न आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. जीपीएस असताना नकाशा आणि कंपास कशाला शिकायचा, असे आपल्यापैकी बरेच जण मॅप रीडिंगच्या तासाला विचारतात. उत्तर वर आलेच आहे. यंत्र काम परत करते तेव्हा ते आधी विचारत नाही. जीपीएस वापरावाच. पण अधूनमधून तो खिशात ठेवून स्वतः दिशा काढावी आणि मग पडताळून पाहावे. मला एनडीएत जायचे आहे. उद्या माझ्यासमोर आजच्यापेक्षा कितीतरी हुशार यंत्रे असतील. त्या दिवशी मला त्यांच्यावर विश्वासही ठेवता आला पाहिजे आणि ती गप्प झाली तर कामही करता आले पाहिजे.

पालकांसाठी थोडेसे

आमच्या घरात एक मदतनीस व्यवस्था आहे आणि तिला बटण नाही. बाबा रात्रपाळी करून आले की दुपारपर्यंत टीव्ही बंद असतो, कुकरची शिट्टी होत नाही, दारावर कोणी आले तर आई बाहेर जाऊन हळू बोलते. बाबा ड्युटीवर असताना आई त्यांना फोन करत नाही. घरात काही अडले तर बहुतेक वेळा तीच निस्तरते आणि ते घरी आल्यावर सांगते. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर बाबांचे डोळे उघडे राहतात, त्यात या झोपेचा मोठा वाटा आहे. दुसरा प्रश्न इथे लावला तर उत्तर स्पष्ट आहे. तो भार आईवर असतो. म्हणून या सुट्टीत दुपारचा स्वयंपाक होईपर्यंत दाराकडे पाहण्याचे आणि धाकट्या बहिणीला शांत ठेवण्याचे काम मी घेतले.

करून पाहा

पुढच्या आठवड्यात एक पान घ्या. रात्रीचा अभ्यास, ड्रिल, फायरिंग आणि मॅप रीडिंग या चारही कामांनंतर वरचे सहा प्रश्न स्वतःला विचारा आणि शून्य ते दहा गुण द्या. प्रत्येक कामाला एकूण किती गुण मिळाले यापेक्षा कोणत्या प्रश्नाला जास्त मिळाले ते पाहा. घाईला जास्त असतील तर तयारी लवकर सुरू करा. आठवणीने डोके दुखत असेल तर यादी करा. काळजीला जास्त असतील तर उस्तादांशी किंवा हाउस मास्तरांशी बोला. ही माणसेसुद्धा आपली मदतनीस व्यवस्थाच आहेत, आणि त्यांना आपला भार सांगितल्याशिवाय दिसत नाही.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी